छोट्या मोटारगाडीचे आयुर्मान

इंदूरहून धारमार्गे अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे तीस किलोमीटर अंतरावर बेटमा हे गाव लागते. देपालपूर तहसिलीतील या गावाभोवती माळव्याची काळी जमीन पसरलेली असून दक्षिणेस पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. नोकरी, महाविद्यालय, रुग्णालय अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने ज्या कुटुंबाला वारंवार इंदूर गाठावे लागते, त्याच्या दृष्टीने छोटी मोटारगाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. अशी गाडी पुष्कळदा जुनीच विकत घेतली जाते आणि व्यवहार ठरताना पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘गाडी किती फिरली?’ हा. उत्तरादाखल मिळालेला आकडा एक लाखाच्या वर असला की घेणारा कचरतो. साठ-सत्तर हजारांच्या आत असला की निश्चिंत होतो. ही भीती व ही निश्चिंती या दोन्ही कितपत साधार आहेत, हे तपासून पाहण्याजोगे आहे. कारण या एका आकड्यावर विसंबून अनेक कुटुंबे आपली कित्येक वर्षांची शिल्लक गुंतवीत असतात.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे ‘मायलेज’ या शब्दाचा अर्थ एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, असा रूढ झाला आहे. प्रस्तुत विवेचनात गाडीने जन्मापासून कापलेल्या एकूण अंतराचा विचार आहे. लाखाच्या आकड्याला जो दबदबा प्राप्त झाला, त्याचे एक कारण अगदी साधे असावे. पूर्वीच्या अनेक मोटारींच्या अंतरमापकात पाचच अंक असत. ९९,९९९ नंतर सर्व शून्ये पुन्हा एका रांगेत येत आणि जणू गाडीचा एक जन्म संपला, असे मालकाला वाटे. यंत्राला मात्र या शून्यांची काहीच खबर नसते.

बेटम्याहून इंदूरला रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर, असे वर्षातील तीनशे दिवस धरले तर वर्षाला १८,००० किलोमीटर होतात. म्हणजे साडेपाच-सहा वर्षांतच गाडी लाखाची मर्यादा ओलांडते. याउलट इंदूर शहरातच राहणाऱ्या आणि राजवाड्याच्या गर्दीतून रोज वीस किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी सोळा वर्षांहून अधिक काळ लागेल. आठ वर्षांनंतर या दोन्ही गाड्या विक्रीस आल्या, तर पहिलीचा आकडा १,४४,००० असेल व दुसरीचा ४८,०००. बाजारात दुसऱ्या गाडीला अधिक किंमत येईल. परंतु दोन्ही गाड्यांची निगा सारखीच राखली गेली असेल, तर एंजिनाच्या प्रकृतीच्या दृष्टीने पहिली गाडी सरस ठरण्याचा पुष्कळ संभव आहे.

एंजिनाची झीज कशी होते

लहान मोटारीचे एंजिन वरच्या गिअरमध्ये ताशी साठ किलोमीटर वेगाने चालताना मिनिटाला ढोबळमानाने अडीच हजार फेरे घेते. या वेगात एका मिनिटाला एक किलोमीटर अंतर कापले जाते. म्हणजे किलोमीटरमागे अडीच हजार फेरे झाले. एक लाख किलोमीटरमध्ये पंचवीस कोटी फेरे होतात आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये साडेबारा कोटी वेळा इंधनाचा भडका उडतो. एवढे घर्षण कोणताही धातू सहन करू शकला नसता. तो टिकतो याचे कारण असे की, चालू एंजिनात धातू धातूला बहुतांशी लागतच नाही. क्रँक आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये वंगणतेलाचा, ज्याला गॅरेजमध्ये नुसते ऑइल म्हणतात त्याचा, अतिशय पातळ थर दाबाखाली उभा असतो आणि फिरता भाग त्या थरावर अक्षरशः तरंगत राहतो.

हा थर गाडी रात्रभर उभी राहिली की ओसरतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर तेल सर्वत्र पोचेपर्यंतचे काही क्षण आणि एंजिन पुरेसे तापेपर्यंतची काही मिनिटे, या काळात झीज सर्वात अधिक होते. थंड एंजिनात पेट्रोल पूर्णपणे जळत नाही; त्यातील काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून वंगणतेल पातळ करते. ज्वलनात निर्माण होणारी वाफही आतच थंड होऊन पाणी बनते व तेलात मिसळते. दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद करावयाची आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू करावयाची, असा जिचा दिनक्रम असतो, तिच्या एंजिनातील हे पाणी उडून जाण्याची वेळच येत नाही. तेलाचा काळा गाळ होतो. शिवाय गर्दीत खालच्या गिअरमध्ये चालताना आणि नुसते उभे असतानाही एंजिन फिरतच असते. त्यामुळे शहरातील एका किलोमीटरमागे होणारे फेरे महामार्गाच्या दुपटीहूनही अधिक भरू शकतात. अंतरमापक हे फेरे मोजत नाही.

बेटम्याची गाडी दिवसातून दोनदा थंड सुरू होते आणि प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास पूर्ण तापलेल्या अवस्थेत सलग चालते. क्लच कमी दाबला जातो, गिअर कमी बदलले जातात, ब्रेकही कमी लागतात. आकडा मात्र भराभर वाढतो.

अर्थात सलग धावणारी गाडीही एका दिवसात निकामी होऊ शकते. आजच्या लहान मोटारींत एंजिनाचे वरचे हेड ॲल्युमिनियमचे असते. रेडिएटरची नळी फुटून पाणी गेले आणि काटा लाल रेषेवर चढला असतानाही ‘गॅरेज आता दोन किलोमीटरवरच आहे’ म्हणून गाडी तशीच हाकली, तर हेड वाकडे होते, गॅस्केट जळते आणि पाणी व ऑइल एकमेकांत मिसळू लागते. दोन लाख किलोमीटर चालू शकणारे एंजिन अशा दोन किलोमीटरमध्ये संपते. ज्या एंजिनात टायमिंगचा पट्टा रबरी असतो, तेथे तो उत्पादकाने सांगितलेल्या अंतराला किंवा मुदतीला, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावा लागतो. पट्टा तुटला की गाडी जागच्या जागी बंद पडते आणि काही एंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून मोठे नुकसान होते. वापर कमी असला तरी रबर वयाने कडक होतच असते, ही गोष्ट कमी फिरलेल्या गाडीचे मालक विसरतात.

धूळ, चिखल आणि पत्रा

माळव्यातील काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी बारीक होते आणि पावसाळ्यात डिंकासारखी चिकटते. या दोन्ही अवस्था मोटारीला त्रासदायक आहेत. एअर फिल्टर फाटलेला असेल किंवा नीट बसलेला नसेल, तर धुळीतील वाळूचे कण सिलिंडरमध्ये शिरून पिस्टन रिंगा घासून काढतात. मग गाडी ऑइल खाऊ लागते व मागून निळसर धूर सोडते. शेतरस्त्यावर नेहमी जाणाऱ्या गाडीचा फिल्टर उत्पादकाच्या पुस्तिकेतील सर्वसाधारण मुदतीच्या आधीच साफ करणे अथवा बदलणे इष्ट असते. दोन-तीनशे रुपयांच्या या वस्तूबाबत केलेली काटकसर एंजिन बोअर करण्याच्या खर्चापर्यंत जाऊन पोचते.

चिखलाचा परिणाम अधिक सावकाश, पण अधिक गंभीर असतो. तो चाकांच्या वरच्या कमानीत व दरवाजांखालच्या पोकळ पट्टीत जाऊन बसतो, आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि तेथे पत्रा आतून गंजू लागतो. आजच्या छोट्या मोटारीला ट्रकसारखी वेगळी सांगाडाचौकट नसते. तळ, खांब, छत आणि ही पोकळ पट्टी यांचा एकसंध कोश हाच तिचा सांगाडा असतो. एंजिन उतरवून नवे बसविता येते, गिअरपेटी बदलता येते; कोश बदलता येत नाही. तो सडला की गाडी संपली, मग तिचे एंजिन कितीही सुरळीत चालत असो. या बाबतीत बेटम्याची कोरडी हवा मालकाच्या बाजूची आहे. तीच गाडी मुंबईत किंवा रत्नागिरीत समुद्रावरच्या खाऱ्या हवेत राहिली असती, तर पत्र्याचे आयुष्य बरेच कमी झाले असते. कोकणातून घाटावर विक्रीस आलेली चकचकीत गाडी खालून पाहावी, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

पीथमपूरच्या धावपट्ट्या

गाडी किती टिकेल हे कारखानदार विक्रीपूर्वीच कसे ठरवितात, याचे उत्तर बेटम्याच्या जवळच मिळते. पीथमपूर येथे ‘नॅट्रॅक्स’ हे वाहनचाचणीचे राष्ट्रीय केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या लंबवर्तुळाकार अतिवेग धावपट्टीचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीने झाले. वृत्तपत्रांतून या पट्टीवरील वेगाचीच चर्चा अधिक झाली. टिकाऊपणाच्या दृष्टीने पाहता तेथील मुद्दाम ओबडधोबड केलेले रस्ते, चढाचे रस्ते आणि खडीचे मार्ग हे अधिक बोलके आहेत.

तार हाताने थोडी थोडी वाकविली तर ती शेकडो वेळा वाकते. पूर्ण दुमडली तर पाच-सात वेळांतच तुटते. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. ताण दुप्पट झाला की आयुष्य निम्मे होत नाही, त्याच्या कितीतरी पट कमी होते. या गुणधर्माचा उपयोग करून चाचणीच्या दगडी रस्त्यावर काही हजार किलोमीटर गाडी हाकली असता सर्वसाधारण रस्त्यावरील फार मोठ्या अंतराएवढी झीज अल्पावधीत घडवून आणता येते. स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, बॉल जॉइंट, कोशाचे सांधे यांपैकी प्रथम काय हार खाते ते अशा रीतीने कळते.

हाच नियम मालकालाही लागू आहे. पाच जणांसाठी घडविलेल्या गाडीत आठ जण बसवून, टपावर सामान बांधून ती वेगाने गतिरोधकावरून नेली, तर तो एक किलोमीटर अंतरमापकावर एकच दिसला, तरी त्याची किंमत अनेक किलोमीटरांची असते. लग्नसराईत आमच्याकडे हे प्रयोग धावपट्टीशिवायच होत असतात.

मुंबईच्या टॅक्सीचा अनुभव

लहान मोटार किती चालू शकते, याचा सर्वात मोठा दाखला महाराष्ट्रात अनेक दशके सर्वांच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० ही गाडी तयार होऊ लागली. १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे साधे एंजिन, फारशी गुंतागुंत नाही, आणि मुंबईच्या गल्लोगल्ली तिचे सुटे भाग व ती उघडून जोडणारे कारागीर. काळ्या-पिवळ्या टॅक्सीसाठी ही गाडी जणू ठरूनच गेली होती.

टॅक्सी दिवसाला शंभर किलोमीटर चालली असे धरले, तरी वीस वर्षांत सहा लाख किलोमीटर होतात. दोन पाळ्यांत चालणाऱ्या टॅक्सीचे त्याहून अधिक. तेही महामार्गावरचे सोयीचे किलोमीटर नव्हेत. भर उन्हात, पाण्यात, सिग्नलला थांबत थांबत काढलेले. यावर वर केलेल्या विवेचनाचे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. टॅक्सीचे एंजिन दिवसभर गरमच राहते, म्हणजे थंड सुरुवातीचे नुकसान तिला फारसे सोसावे लागत नाही, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर दुरुस्तीच्या पद्धतीत आहे. सिलिंडर झिजला की तो किंचित मोठा बोअर करून वाढीव मापाचे पिस्टन घालीत; क्रँकचे ग्राइंडिंग करून नव्या मापाची बेअरिंगे बसवीत. बोअर करण्याची मर्यादा संपली की आत स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापावर येत. पुढे टॅक्सी सीएनजीवर चालू लागल्या तेव्हा व्हॉल्व्हच्या सीटची निगा अधिक राखावी लागे. कारण वायुरूप इंधनात पेट्रोलचा ओलावा नसतो. ज्या टॅक्सीचे एंजिन दोनदा बोअर झाले, गिअर बदलले, दरवाजे दुसऱ्या गाडीचे आले आणि तळाला नवा पत्रा लागला, तिला तीच गाडी म्हणावे किंवा नाही, हा तर्कशास्त्राचा प्रश्न आहे. परवाना तोच होता आणि पोट भरणारे कुटुंबही तेच होते.

या गाडीला निरोप मिळाला तोही किलोमीटरमुळे नव्हे. कारखान्यातील उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईतील टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून अधिकृतपणे दिसेनाशी झाली.

परदेशातील एक उदाहरणही बेटम्याच्या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकेतील शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ मध्ये व्होल्वो कंपनीची एक लहान दोन दरवाजांची मोटार घेतली आणि २०१३ मध्ये तिने तीस लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर, पूर्ण केले. एकाच मालकाच्या खाजगी मोटारीचा हा विक्रम मानला जातो. त्यांचा कामावर जाण्या-येण्याचा प्रवासच रोज सुमारे दोनशे किलोमीटरचा होता. वंगणतेल वेळच्या वेळी बदलणे व पुस्तिकेप्रमाणे देखभाल करणे यापलीकडे त्यांनी काही अद्भुत केले नव्हते. एंजिन मात्र मधल्या काळात खोलून दुरुस्त करावे लागले होते.

आपल्याकडे पद्मिनीची जागा ज्या गाडीने घेतली ती मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी तिची विक्री सुरू झाली आणि १८ जानेवारी २०१४ रोजी उत्पादन थांबले. तोवर देशात जवळजवळ सत्तावीस लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या. तीन सिलिंडरांचे ७९६ घनसेंटिमीटरचे हलके एंजिन आणि विपुल सुटे भाग यांमुळे या गाड्या उत्पादन थांबल्यानंतरही ग्रामीण भागात दीर्घकाळ टिकून राहिल्या. सुटे भाग मिळत राहणे हा आयुर्मानाचाच एक घटक आहे. ज्या कंपनीने आपला कारभार आवरता घेतला, तिच्या कमी खपाच्या गाडीचे एंजिन कितीही भक्कम असले, तरी एका लहानशा सेन्सरवाचून ती महिनोन्महिने उभी राहू शकते.

हिशेब आणि नियम

कायद्याने मोटारीच्या किलोमीटरवर मर्यादा घातलेली नाही. मोजले जाते ते वय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपये झाले. शासकीय वाहनांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढे ही सवलत नाही. कमी फिरलेली शासकीय गाडीही त्या दिवशी मोडीत निघते. ते काहीसे हळहळ वाटण्याजोगे असले, तरी प्रदूषण व सुरक्षितता यांचा विचार करता वयाचा निकष अगदीच निराधार म्हणता येत नाही.

समजा, दीड-पावणेदोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीच्या एंजिनाला ६०,००० रुपये खर्च येणार आहे. नव्या गाडीसाठी पाच लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,४०० रुपये पडतो. म्हणजे एंजिनाचा संपूर्ण खर्च सहा हप्त्यांत भरून निघतो. कोश शाबूत असेल आणि गाडी आणखी तीन वर्षे चालणार असेल, तर दुरुस्ती हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. पट्टी सडली असेल, तर तेच साठ हजार पाण्यात गेले असे समजावे.

मात्र या हिशेबात एक रकाना राहून जातो. चालकासाठी एअरबॅग व चाके न अडकू देणारी ब्रेकप्रणाली आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना २०१९ पासून अनिवार्य झाली. त्यापूर्वीच्या बहुसंख्य लहान गाड्यांत या सोयी नाहीत. बेटमा–इंदूर रस्त्यावर पीथमपूरचे अवजड ट्रक अहोरात्र धावत असतात, तेथे ही उणीव लहान नव्हे. एंजिन उत्तम आहे म्हणून जुन्या गाडीत मुलांना रोज महाविद्यालयात पाठवावे काय, याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाला आपल्या परिस्थितीप्रमाणे द्यावे लागेल. परंतु प्रश्न विचारला गेला पाहिजे. गाडी ठेवावयाचीच असेल, तर खर्चात पहिला हक्क ब्रेक, टायर व स्टिअरिंगचे सांधे यांचा, एंजिनाचा त्यानंतर. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळत असल्याने जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्याही तपासून बदलून घेणे अगत्याचे आहे, कारण त्या गळू लागल्यास आगीचा धोका संभवतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने अंतरमापकाचा आकडा पाहावा, पण त्यावर थांबू नये. मीटर मागे फिरविणारे कारागीर जुन्या काळीही होते व इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावरही आहेत. चाळीस हजार दाखविणाऱ्या गाडीच्या क्लच-ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि स्टिअरिंगची कड हाताने चकाकत असेल, तर आकडा खोटा समजावा. गाडी सकाळी, एंजिन पूर्ण थंड असताना पाहण्यास जावे. मालकाने ती आधीच गरम करून ठेवली असेल तर त्याचे कारण विचारावे. सुरू होताना निळा धूर येतो का ते पाहावे. एंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहावे. मग गॅरेजमधील खड्ड्यावर गाडी उभी करून दरवाजांखालची पट्टी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावी. नवा रंग तेथेच दिसला तर अधिकच जोराने दाबावी. देखभालीच्या पावत्या मागाव्यात आणि त्यांवरील किलोमीटर व तारखा क्रमाने लावून पाहाव्यात. प्रत्येक दहा हजारांना ऑइल बदलल्याची नोंद असलेली दीड लाखाची गाडी, एकही पावती नसलेल्या पन्नास हजारांच्या गाडीपेक्षा सामान्यतः अधिक भरवशाची असते.